सायकलीच्या आधीची थंडी

आमच्या डोंबिवलीत थंडी थेट येत नाही. नाशकाहून ती चांगली धारदार निघते. कसाऱ्याचा घाट उतरताना निम्मी सांडते, टिटवाळ्याला गणपतीच्या दर्शनाला थांबते, कल्याणला रिक्षाच्या रांगेत ताटकळते आणि आमच्या दारात पोचते तेव्हा तिच्यात नावापुरता गारवा उरलेला असतो. पाणी घालत घालत ताकाचं नुसतं पांढरं पाणी व्हावं, तसं. पण डोंबिवलीकर मोठ्या मनाचा. त्या पांढऱ्या पाण्यालाही तो ताकाचा मान देतो. पंखा पाचवरून चारवर आला की माळ्यावरच्या बॅगा खाली येतात, डांबरगोळ्यांचा वास जिन्यात पसरतो आणि धडधाकट पुरुष कानटोपी घालून दूध आणायला निघतात. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर परवा बाल्कनीत शेकोटी पेटवण्याचा विचार बोलून दाखवला. त्यांच्या अंगाला तेव्हा घाम आलेला होता, ही गोष्ट वेगळी.

तर यंदाही ती आली. सकाळी खिडकी उघडली तर भाजीच्या गाडीवर वालाच्या शेंगा आणि हरभऱ्याच्या जुड्या, कुठेतरी पाचोळा पेटवल्याचा धूर, आणि खालून शाळेच्या मुलांची ती ओळ चाललेली. ओळ बघायच्या आधी ऐकू येते. पन्नास-साठ बुटांचा तो आवाज म्हणजे पसाभर तांदूळ सुपात पाखडल्यासारखा असतो. मध्येच एक घंटी वाजते, कोणीतरी कोणालातरी ढकलतं, एक मोठं माणूस दटावतं, आणि ओळ पुढे सरकते. मी गॅसवर चहा ठेवलेला विसरते. चहा उतू जातो. दर थंडीत माझा एक चहा तरी या ओळीच्या नावाने उतू जातोच, आणि मी ओटा पुसता पुसता त्या हिवाळ्यात जाऊन पोचते, जेव्हा माझी मुक्ता सहावीत होती. आता ती दहावीत आहे, माझ्याहून बोटभर उंच, आणि मला रस्ता ओलांडायला शिकवते.

त्या काळी शाळेच्या फाटकासमोर सकाळी जे चालायचं त्याला वाहतूक म्हणणं म्हणजे कुस्तीला गळाभेट म्हणण्यासारखं होतं. व्हॅनमधून मुलं कोथिंबिरीच्या जुडीसारखी बाहेर डोकावायची. स्कूटरवर एक पोर पुढे उभं, एक मागे, मधल्या फटीत डबा, आणि हँडलला पाण्याच्या बाटल्या तोरणासारख्या. प्रत्येक आईबापाला आपलं मूल फाटकाच्या अगदी आत सोडायचं असायचं. जमलं असतं तर लोकांनी स्कूटर तिसऱ्या मजल्यावर बाकापर्यंत नेली असती आणि पोराचं दप्तर उघडून पुस्तकाचं पान काढून दिलं असतं. गंमत म्हणजे शाळा किती लांब? कुकरच्या दोन शिट्ट्यांत माणूस पायी पोचेल. स्कूटरने मात्र चार शिट्ट्या लागायच्या आणि डाळ करपायची.

त्या गर्दीत दिवाळीच्या सुट्टीआधी तन्वीचा हात मोडला. तन्वी आमच्याच बिल्डिंगमधली, मुक्ताची जिवलग. ज्याच्या स्कूटरने तिला उडवलं तो कोणी मवाली नव्हता. दुसरीतल्या एका मुलाचा बाप होता, सज्जन, कपाळाला गंध लावणारा. पोराला फाटकाशी सोडून निघताना, चालत्या गाडीवरून, तो त्याला “सांभाळून जा” असं सांगायला मागे वळला, आणि पुढे तन्वी होती.

हात यथावकाश जुळला. प्लॅस्टरवर अख्ख्या वर्गाने सह्या केल्या, एकाने चांगला वाघ काढला. पण आमच्या भागातल्या आयांच्या मनात जे मोडलं ते जुळेना. जी दोन-चार पोरं चालत जायची त्यांनाही व्हॅनमध्ये कोंबलं गेलं. तन्वी तर चाक दिसलं की भिंतीला चिकटायची. आणि आमच्या पार्किंगमध्ये पाण्याच्या पाइपला साखळीने बांधलेली मुक्ताची निळी सायकल होती तिथेच राहिली.

ती सायकल फाटकाबाहेर कधी गेलीच नव्हती. मुक्ता संध्याकाळी कंपाउंडमध्ये गोल गोल फिरवायची. तिने बिल्डिंगला जेवढे फेरे मारले तेवढे मी सात जन्मांसाठी वडालाही मारलेले नाहीत. रोज सकाळी दुधाच्या कपाबरोबर तिचं एकच वाक्य असायचं, मला सायकलने शाळेत जायचंय. तिला घोडा नको होता, विमान नको होतं, मोबाइलही नको होता. दोन शिट्ट्यांचं अंतर स्वतःच्या पायांनी पॅडल मारत जायचं होतं. आणि रोज माझा नवरा सुहास पेपरातून मान वर न काढता नाही म्हणायचा.

सुहास वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. दिवसभर लोखंडी भागांतल्या चिरा शोधणं हे त्याचं काम. ते करून करून त्याची नजर अशी झाली आहे की पुरी तेलात सोडायच्या आधीच ही फुगणार नाही हे तो सांगतो, आणि ती मेली खरंच फुगत नाही. अशा माणसाने लग्नाच्या वेळी मला कसं पास केलं हे कोडं माझ्या माहेरी अजून कोणाला सुटलेलं नाही. त्याला सायकलीत ब्रेक, रस्त्यात खड्डे, मुक्तात अल्लडपणा आणि जगात टँकर दिसायचे. तो चूक होता असंही मला म्हणता येईना. टँकर होतेच.

दिवाळीनंतर सोसायटीत फराळाचा कार्यक्रम झाला. शिळ्या चकल्या मऊ पडल्या होत्या आणि विषय तन्वीच्या हाताचा निघाला. सगळ्यांचं एकमत झालं की कोणीतरी काहीतरी केलं पाहिजे. हा कोणीतरी म्हणजे आमच्या सोसायटीतला सगळ्यात कामसू माणूस. गेली कित्येक वर्षं टाकी साफ करण्यापासून कुत्री पकडण्यापर्यंत सगळं त्याच्यावरच सोपवलेलं आहे. मी चकली खाली ठेवली आणि म्हणाले, ठाण्याला वर्तकनगरमध्ये तर मुलं चालत जातात. ओळीने. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, वाटेत प्रत्येक बिल्डिंगखाली मुलं येऊन जोडली जातात, आणि शेपटाला सायकलवाली. चालती बस म्हणतात तिला. कोणी विचारलं, तुम्ही पाहिली? मी म्हटलं, या डोळ्यांनी.

वर्तकनगरला मी गेलेले ती एकदाच, नणंदेकडे, आणि या डोळ्यांनी पाहिलं होतं ते तिचं नवं किचन. पण डोंबिवलीकराचा स्वभाव मला ठाऊक. त्याला सांगा चालणं तब्येतीला चांगलं, तो मान डोलावेल. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा, दोनदा डोलावेल. पण एखादी गोष्ट ठाण्यात आहे आणि आपल्याकडे नाही हे कळलं की त्याला अन्न गोड लागत नाही. फराळाची ताटं एकदम बाजूला सरकली. मग दातार काकू उठल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, पुण्याच्या वळणाचं स्वच्छ मराठी बोलणाऱ्या, आणि निवृत्तीनंतर हाताखाली माणसंच न उरल्यामुळे मनातून कष्टी असलेल्या.

“ठाण्याला जमतं, तर आपल्याला न जमायला काय झालं?” काकू म्हणाल्या. “सोमवारपासून पुढे मी चालेन. मागे कोण, ते तुम्ही ठरवा.”

मुक्ताने तेवढ्यात डाव साधला. सगळ्यांसमोर बापाला विचारलं, शेपटाला सायकलवाली असतात ना, मग मी? सुहास सापडला. चारचौघांत पोरीला तोडून कसं बोलणार? त्याने आपल्या खात्यातली रीत काढली, आधी चाचणी मग शिक्का.

“संक्रांतीपर्यंत चालत जा,” तो म्हणाला. “रोज म्हणजे रोज. आणि ओळीतल्या एकालाही ओरखडा आला नाही, तर संक्रांतीला मी स्वतः कुलूप काढीन.”

मुक्ताने हात पुढे केला. बापलेकीने हात मिळवले. मी मात्र खाली ठेवलेली चकली उचलून तोंडात कोंबली, कारण वर्तकनगरला ही ओळ चालवतात कशी, हे आता मलाच विचारणार होते.

सोमवार उजाडला. इथे आमच्या लोकांनी जी चूक केली ती दुनियेत दुसऱ्या कोणाला सुचणार नाही. मुलं चालत होती, दातार काकू गळ्यात शिट्टी अडकवून पुढे, सगळं शिस्तीत. पण मुलांना काही होऊ नये म्हणून प्रत्येकाचा बाप मागून स्कूटरवरून येत होता. पहिल्या गिअरमध्ये, पाय जमिनीला घासत. एक आई रिक्षा करून आली होती आणि रिक्षावाल्याला “भैया, और धीरे” सांगत होती. त्यांच्यामागे दूधवाले, बसवाले, सिलिंडरची गाडी, आणि मी शपथेवर सांगते, शेपूट पार कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन टेकलं होतं. मुलं सोडून बाकी सगळे हॉर्न वाजवत होते.

वळणावर म्हात्रे काकांचं घर आहे. इथले मूळचे. वाडवडील भातशेती करायचे आणि खाडीकडच्या मिठागरात राबायचे. पुढे जमिनीचं सोनं झालं आणि आता आमच्या भागातल्या निम्म्या बिल्डिंगी त्यांच्या बांधांवर उभ्या आहेत. काका बनियन आणि खांद्यावर टॉवेल अशा वेषात बाहेर आले. कोणा पुढाऱ्याची मिरवणूक आहे असं त्यांना वाटलं. पुढारी दिसेना तेव्हा ते दातार काकूंसमोर येऊन उभे राहिले.

“यी मिरवणूक कनाची?” त्यांनी विचारलं. “आन पोरां चालतान, त बापांना काय पाय नाय?”

दातार काकूंनी त्यांना सगळा उपक्रम समजावून सांगितला, अशा भाषेत की वाटावं बँकेची वार्षिक सभा चालू आहे. काका त्यांच्या आगरी बोलीत विचारत, काकू त्यांच्या पुणेरीत उत्तर देत, आणि दोघांना एकमेकांचं एकूण एक कळत होतं. संसारात नवराबायकोचंही इतकं जमत नाही. मग काकांनी टॉवेल झटकला, घरामागे गेले आणि एक लोखंडी फाटक ओढून उघडलं.

त्या फाटकामागे त्यांचा शेवटचा मोकळा प्लॉट होता. सगळं विकलं, बांधलं, पण हा एक ठेवलेला. पावसात भात, थंडीत वाल, मुळा, थोडा माठ. त्या प्लॉटकडे बघून बिल्डर लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं असं म्हणतात. काही जण तर येता-जाता फाटकाला हात लावून तो कपाळाला लावतात. प्लॉटच्या कडेने एक रुंद बांध होता, आमच्या गल्लीच्या टोकापासून थेट शाळेच्या मागच्या दारापर्यंत. ना टँकर, ना व्हॅन. इतकी वर्षं आम्ही त्याच्या भिंतीला स्कूटर घासत जात होतो आणि पलीकडे काय आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

काकांच्या अटी सोप्या होत्या. वालात पाय टाकायचा नाही, वेफर्सची पाकिटं टाकायची नाहीत, आणि बापांच्या गाऱ्या, म्हणजे गाड्या, फाटकाबाहेर. मग बांधाकडे, त्यातल्या खेकड्यांच्या बिळांकडे बघत ते म्हणाले, “मी याच वाटेनं शालेत जायचो. निम्म्यावरशी परत फिरायचो, चिंबोऱ्या पकराला. तुमची पोरां तरी पोचूं दे.”

तिथून जो हिवाळा सुरू झाला तो माझ्या अंगात अजून आहे. सकाळी बांधावर दव असायचं. वालाची फुलं जांभळी, बारीक, दवाने वाकलेली. बुटांची टोकं ओली व्हायची आणि त्यांना मातीचा, हिरव्या देठांचा वास लागायचा. तो वास माझ्या घरात चपलांच्या कपाटात फेब्रुवारीपर्यंत राहिला आणि मी तो उदबत्ती लावून घालवला नाही. पोरं तोंडातून वाफ काढायचा प्रयत्न करायची. हाऽऽ करून करून गाल दुखायचे, पण डोंबिवलीची थंडी तेवढी उदार कुठली. तिसरीतल्या एकाने गरम पाण्याची बाटली आणली, गुपचूप घोट घ्यायचा आणि वाफ सोडायचा. त्या आठवड्यात तो ओळीचा राजा होता.

स्वेटर घरून अंगात निघायचे, निम्म्या बांधावर कमरेला यायचे, आणि उरलेल्या निम्म्यात कुठेतरी गळायचे. काका ते उचलून बांधावरच्या चिंचेच्या फांद्यांवर अडकवून ठेवायचे. नाताळच्या सुमाराला त्या चिंचेने इतके रंगीबेरंगी स्वेटर घातलेले होते की अख्ख्या डोंबिवलीत खरी थंडी वाजली असेल तर त्या एका झाडाला.

मोठी माणसं चालतात ती पोचायला. मुलांचं चालणं वेगळंच. त्यांना कोळ्याचं जाळं लागतं, त्यावरचे थेंब मोजायचे असतात, भारद्वाजाचं पीस कोणाला आधी दिसलं यावर भांडायचं असतं. एकदा मुंगूस आडवं गेलं आणि अख्खी ओळ ते कुठल्या बिळात गेलं ते बघायला थांबली. शाळेत उशिराचं कारण विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका सुरात मुंगूस असं सांगितलं. बाईंचा विश्वास बसला नाही. मग दातार काकूंनी आत जाऊन स्वच्छ मराठीत मुंगूस सांगितलं, तेव्हा बसला.

आणि बापमंडळी चालायला लागली. स्कूटर फाटकाबाहेर ठेवून आळीपाळीने ओळीमागे यायची, सुरुवातीला अशी अवघडून की कोणी त्यांचे कपडे काढून घेतलेत. एका बापाने मला बांधावर हळूच सांगितलं, वहिनी, आमचा हा किती बोलतो हो. मुलगा पाचवीत होता. पाच वर्षं तो रोज बापाच्या मागे स्कूटरवर बसून बोलत होता आणि सगळं वाऱ्यात जात होतं. बापाला पोराची ओळख म्हणजे कमरेभोवतीची मिठी, तेवढीच. आता ते दोघं शेजारी शेजारी चालत आणि पोरगा त्याला अवकाशातल्या कृष्णविवराबद्दल सांगत असे. बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेहऱ्यावर मात्र असा भाव की जणू तिरुपतीचं दर्शन विनारांग झालं.

याच दिवसांत वर्तकनगरहून नणंदेचा फोन आला. म्हणाली, अगं वहिनी, तुमच्याकडे म्हणे मुलं ओळीने चालत शाळेत जातात? आमच्या इथल्या बायकांनी ऐकलं, म्हणाल्या डोंबिवलीसारख्या ठिकाणी जमतं तर आपल्याला न जमायला काय झालं. सुरू केलं गं आम्ही. मी फोन ठेवला आणि देवापुढे साखर ठेवली. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट खोटी कधीच नसते, फक्त कधी कधी ती खरी व्हायला थोडा वेळ घेते, हे मी सुहासला कित्येक वर्षं समजावते आहे.

आता तो बांध फरसबंद आहे. म्हात्रे काका थकलेत, फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक पोराचा राम राम घेतात. एखाद्याने चुकवला तर काठी आडवी घालतात. बिल्डर अजून येतात. काका त्यांना सांगतात, पोरांची शाला सुटली का या, तवर बोलता नाय येत. शाळा दरवर्षी नव्याने भरते, त्यामुळे ती सुटण्याची वेळ काही येत नाही.

पण त्या हिवाळ्यात एक बाका प्रसंग आला. मार्गशीर्षात काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं, आणि आगरी घरची हळद म्हणजे ती काही वाटीतली हळद नव्हे. आदल्या दिवसापासून मांडव, बँजो, स्पीकरची भिंत, आणि माणसं इतकी की मुंब्र्यापासून भिवंडीपर्यंत त्या दिवशी घरांना कुलपं. मांडव कुठे? त्या एकमेव मोकळ्या प्लॉटवर. पुढचे तीन-चार दिवस बांध बंद होणार.

आयांनी लगेच व्हॅनवाल्याला फोन लावले. तीन-चार दिवसांचाच प्रश्न आहे, मेन रोडने आम्ही नाही पाठवणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत होतं. पण घरात मुक्ता बापासमोर उभी होती. तिने विचारलं, लग्नाची सुट्टी धरशील ना? सुहासचा चेहरा पडलेला होता. त्यालाही आता सायकल सुटावी असं वाटत असावं. पण शिक्क्याचा माणूस. रोज म्हणजे रोज ठरलंय, एवढंच म्हणाला आणि चष्मा पुसत बसला. मुक्ता रडली नाही. ती पार्किंगमध्ये गेली आणि सायकलीवरची धूळ पुसून आली. ते मला बघवलं नाही.

मी तिला घेऊन म्हात्र्यांकडे गेले. वाटेत तिला छान भाषण पढवलं. त्यात काकांच्या पूर्वजांचा गौरव होता, मिठागरांचा इतिहास होता, शेवटी डोळ्यांत पाणी आणायची जागाही दाखवून ठेवली होती. तिथे मांडववाले बांबू उतरवत होते, बायका जात्यावर बसून हळदीची गाणी म्हणत होत्या, आणि काका मधोमध उभे राहून सगळ्यांवर ओरडत होते. मुक्ता माझं भाषण सगळं विसरली.

“आजोबा,” ती म्हणाली, “वाट बंद झाली तर माझी सायकल जाईल.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग मांडवाकडे. लग्नघर म्हणजे लग्नघर. यजमानाने नाही म्हटलं असतं तरी त्यात वावगं काही नव्हतं, आणि मी मनातल्या मनात मुक्ताला घरी जाऊन काय समजवायचं ते जुळवत होते. काकांनी मांडववाल्याला हाक मारली.

“यो मधला खांब हलव. पोरांची वाट हाय ती.”

मांडववाला कळवळून म्हणाला की मधला खांब गेला तर छत झोळीसारखं खाली येईल. काका म्हणाले, “यी बग, झुकंल त झुकंल. वऱ्हाड वाकून जाईल.”

आणि गेलं हो. सोन्याने मढलेल्या बायका, फेटेवाले पुरुष, नात्यातला एक धिप्पाड नगरसेवक, सगळे त्या जागी आले की नवऱ्या मुलीला वाकून नमस्कार केल्यासारखे झुकत होते. मधून सरळ चालत गेली ती फक्त पोरं. त्यांच्या डोक्याला छत लागतच नव्हतं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ओळ मांडवात शिरली तेव्हा म्हात्र्यांच्या घरच्या बायका जाग्याच होत्या. गाऊन गाऊन आवाज बसलेले, पातेल्यात हळद उरलेली. दाराशी आलेलं पोर कोरडं कसं पाठवायचं? त्यांनी एकेकाला धरून गालांना हळद लावली. दातार काकूंनी आधी हात जोडून नको म्हटलं आणि मग स्वतःच पदर खोचून गाल पुढे केला. तन्वीच्या जुळलेल्या हाताला एका आजीने कोपरापर्यंत चोळली, म्हणाली हाडाला बरी. चिंचेमागे कोणीतरी लपलेलं होतं. तो सुहास होता. मांडवातून मुलं कशी जातात, कुठे वायर लोंबते का, खिळा वर आलाय का, हे तपासायला तो कामावर जाता जाता आलेला. बायकांनी त्याला बकोटीला धरून बाहेर ओढलं आणि विचारलं, हा बाप कोणाचा? मुक्ताने हात वर केला. मग उरलेलं अख्खं पातेलं त्याच्यावर रिकामं झालं.

शाळेच्या मागच्या दारावरच्या बाईंना आधी वाटलं, आमच्या भागात काविळीची साथ आली. सुहास तसाच पिवळाधमक वागळे इस्टेटला गेला. त्या दिवशी त्याने म्हणे एकही माल नापास केला नाही. असं तिथले लोक सांगतात. मी आपली ऐकीव गोष्ट सांगते.

पौष लागला, सकाळी थोडी खरी थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या. संक्रांतीच्या दिवशी सुहासने तिळगूळ खाल्ला, खाली गेला आणि साखळीचं कुलूप काढलं. ब्रेक दाबून पाहिले, हवा पाहिली, चेनला तेल दिलं, घंटी वाजवली, पुन्हा ब्रेक दाबून पाहिले. मुक्ता मधल्या काळात उंच झालेली, सीट वर घ्यावी लागली. मी चप्पल घालून मागे निघाले तर म्हणाली, आई, तू त्या स्कूटरवाल्या बापांसारखं करू नकोस हं. मग मी फाटकाशी थांबले. सायकल ओळीच्या शेपटाला लागली, बांधावर वळली आणि वालाच्या मांडवाआड गेली. निळा रंग किती लवकर दिसेनासा होतो.

दुपारी सुहास अर्धी रजा टाकून घरी आला. तिळगूळ द्यायला, म्हणाला. तिळगुळापायी रजा टाकलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. शाळा सुटली. खालून एकेक पोर घरी गेलं, चालणारी गेली, शेवटची बडबडी मुलं पण गेली. सायकल सगळ्यांच्या आधी यायला हवी होती. ती येईना. सुहास बाल्कनीत गेला, आत आला, पुन्हा गेला. मी उगाच गॅस पुसत होते. चिरा शोधणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं असेल ते मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात जे आलं ते मीही सांगणार नाही. शेवटी आम्ही दोघं जिना उतरून खाली धावलो.

गल्लीच्या टोकाला काकांच्या फाटकातून दोघी येत होत्या. भिंतीच्या बाजूने तन्वी, आणि तिच्या शेजारी मुक्ता सायकल हाताने ढकलत. कॅरिअरवर तन्वीचं दप्तर, हँडलला तिची पाण्याची बाटली. दोघींचं काहीतरी मोठं बोलणं चाललेलं होतं आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.

सुहासने आधी टायर बघितला. पंक्चर नव्हतं. ब्रेक बघितला. ठीक होता. चेन जागेवर होती. गुडघे बघितले, ते स्वच्छ होते.

“मग उतरलीस का?” त्याने विचारलं.

“तन्वी चालत होती ना.”

“अगं, मग इतके दिवस जीव खाल्लास तो कशाला? सायकल चालवायलाच हवी होती ना?”

“हो, चालवायलाच,” मुक्ता म्हणाली. “पण कधी चालवायची आणि कधी नाही, ते पण तूच ठरवणार का, बाबा?”

सुहास वळसा घालून मुलींच्या रस्त्याकडच्या बाजूला आला, आणि तिघं तिथून आमच्या जिन्यापर्यंत बोलत बोलत चालत आली. त्यात सगळ्यात सावकाश तोच चालत होता.